बैठकीवरून विमानाची ओळख

'घराची कळा अंगण सांगतें,' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती खोटी नाहीं. पण तिच्यावर सर्वस्वीं विसंबणारा मनुष्य केव्हांतरी फसतो. सडा घालून व रांगोळी काढून अंगण पाहुण्यांसाठीं घटकाभर सजवितां येतें. घराचें खरें स्वरूप कळावयाचें असेल तर माजघरापर्यंत जावें लागतें. पाण्याची घागर किती उंचावर ठेवली आहे, फडताळांतील रोजचा डबा म्हाताऱ्या आजीच्या हाताला लागतो कीं नाहीं, रात्रीं उठणाऱ्या माणसाच्या पायांत उंबरठा येतो कीं काय, हें पाहिलें म्हणजे त्या घरांत माणसाचा विचार कितपत होतो हें कोणाला न विचारतां समजतें. हाच न्याय जुन्या लढाऊ विमानांना लावण्याचा एक छंद मला गेलीं कांहीं वर्षें जडला आहे. त्याविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावे, असें योजिलें आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, म्हणजे १९३९ पासून १९४५ पर्यंत, इंग्लंडमध्यें विमान बाहेरून ओळखणें ही एक सार्वजनिक विद्या झाली होती. डोक्यावरून जाणारें विमान स्वकीयांचें कीं शत्रूचें, हें कांहीं क्षणांत ठरवावें लागे. त्यासाठीं विमानांच्या काळ्या छायाकृति छापून वांटल्या जात. रॉयल ऑब्झर्व्हर कोअर या दलाचे स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन आकाशावर पहारा ठेवीत, आणि शाळकरी मुलेंहि पंखांची ठेवण व शेपटीचा आकार पाहून विमानाचें नांव सांगत. माझा छंद याच्या अगदीं उलट आहे. पंख, शेपूट, रंग, राष्ट्रचिन्ह, सारें झांकून टाकावें. केवळ कॉकपिट, म्हणजे वैमानिक जेथें बसतो त्या बैठकीचें छायाचित्र समोर ठेवावें, आणि तेवढ्यावरून विमान ओळखावें.

शनिवारच्या शेवटच्या तासाला असें एक छायाचित्र मी वर्गांत फळ्याशेजारीं टांगतों. त्याखालील नांवावर कागदाची पट्टी चिकटविलेली असते. एकदम नांव सांगण्यास मनाई आहे. प्रथम प्रश्न विचारावयाचा, त्याचें उत्तर चित्रांत शोधावयाचें, आणि मगच पुढच्या प्रश्नाकडे वळावयाचें, असा नियम आहे. आरंभीं मुलांना सर्व बैठकी सारख्याच दिसतात. पुढें घड्याळासारख्या तबकड्यांची दाटी, मध्यें एक दांडा, दोहों बाजूंस मुठी आणि खटके. परंतु हळूहळू डोळा सरावतो, आणि जेथें केवळ दाटी दिसत होती तेथें माणसाचा हात, पाय व डोळा यांच्यासाठीं केलेली योजना दिसूं लागते.

पहिला प्रश्न सोपा आहे: थ्रॉटल किती? एंजिनाची शक्ति कमीजास्त करण्याच्या दांडीला थ्रॉटल म्हणतात. प्रत्येक एंजिनाला एक दांडी असल्यामुळें दांड्या मोजल्या कीं एंजिनें मोजलीं गेलीं. डावीकडे एकच दांडी व मधोमध एक सुकाणूदांडा असला तर तें बहुधा एका माणसाचें लढाऊ विमान असतें. त्याचा डावा हात एंजिनावर व उजवा हात दिशेवर असतो. दोन दांड्या दिसल्या, आणि वैमानिकाच्या उजव्या हाताला, किंचित् मागें, दुसऱ्याची जागा चिकटून असली, तर ब्रिटिशांचें 'मॉस्किटो' हें लांकडी विमान मनांत आणावें. चार दांड्या परंतु सुकाणूचें चक्र एकच, तेंहि डावीकडे, असें दिसलें तर तें 'लँकॅस्टर' हें बाँबफेकी विमान असूं शकेल. तेथें दुसरा वैमानिक नसे, शेजारच्या घडीच्या आसनावर एंजिनें सांभाळणारा सहकारी बसे. चार दांड्या आणि चक्रें दोन असलीं तर अमेरिकेकडे वळावें. अमेरिकेच्या 'बी-१७' मध्यें थ्रॉटलच्या मुठी अशा जोडलेल्या असत कीं एका हाताच्या पकडींत चारी एंजिनें एकदम पुढें सारतां येत.

दुसरा प्रश्न: तबकड्यांवर माप कोणतें आहे? ब्रिटिश लढाऊ विमानांत त्या काळीं वेग ताशीं मैलांत आणि उंची फुटांत असे. जर्मन विमानांत वेग किलोमीटरांत व उंचीहि किलोमीटरांत दाखवीत. रशियन विमानांत किलोमीटर आणि मीटर. अंक सगळीकडे तेच. माप मात्र देश सांगतें.

यासंबंधीं एक बोधप्रद हकीकत आहे. अमेरिकेंतील कर्टिस कंपनीनें फ्रान्ससाठीं 'हॉक ७५' या जातीचीं लढाऊ विमानें बांधलीं. फ्रेंच रिवाजाप्रमाणें त्यांतील तबकड्या मेट्रिक मापाच्या होत्या, आणि थ्रॉटल उलट दिशेचा होता. शक्ति वाढवावयाची तर दांडी पुढें ढकलावयाची नाहीं, मागें ओढावयाची. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्सचा पाडाव झाला, आणि यांपैकीं बरींच विमानें इंग्लंडकडे आलीं. तेथें त्यांना 'मोहॉक' हें नांव मिळालें. पण नांव बदलून भागण्यासारखें नव्हतें. तबकड्या बदलाव्या लागल्या आणि थ्रॉटलची दिशाहि फिरवावी लागली. कारण संकटाच्या क्षणीं मनुष्य विचार करून हात हालवीत नाहीं, त्याचा हात सवयीनें हालतो. शक्ति हवी म्हणून सवयीनें पुढें गेलेल्या हातानें एंजिन मंदावलें, तर त्या वैमानिकाला दुसरी संधि मिळेलच असें नाहीं. हींच मोहॉक विमानें पुढें १९४२ व १९४३ सालीं बंगाल व ब्रह्मदेश यांच्या सीमेवर लढलीं.

तिसरा प्रश्न: वैमानिकाच्या हातांत काय आहे? ब्रिटिश लढाऊ विमानांत सुकाणूदांड्याच्या टोकाला कड्यासारखी वाटोळी मूठ असे. तिच्यावर बंदुका उडविण्याचें बटण असे, आणि सायकलच्या ब्रेकसारखी एक लहानशी दांडीहि असे. ही दांडी दाबली कीं दाबलेल्या हवेच्या जोरावर जमिनीवर चाकांचे ब्रेक लागत. अमेरिकन व जर्मन लढाऊ विमानांत ब्रेक बहुधा पायांच्या पंजांनीं दाबावयाचे असत. म्हणून वाटोळी मूठ व तिच्यावरील ती दांडी दिसतांच ब्रिटिश विमानाचा तर्क करावा.

हा फरक क्षुल्लक वाटेल. पण एका माणसाच्या आयुष्यांत तो फार मोठा ठरला. डग्लस बेडर या इंग्रज वैमानिकाचे दोन्ही पाय डिसेंबर १९३१ मधील अपघातानंतर कापावे लागले होते. हवाईदलानें त्याला निवृत्त केलें. महायुद्ध सुरू झाल्यावर तो खटपट करून परत आला, आणि १९४० सालीं ब्रिटनच्या हवाई लढाईंत कृत्रिम पायांनिशीं हरिकेन विमानांच्या एका स्क्वाड्रनचा नायक म्हणून लढला. कृत्रिम पायांनीं पायदांडी पुढेंमागें ढकलतां येते. परंतु घोट्यांतून पंजा वांकवून ब्रेक दाबणें हें त्या पायांचें काम नव्हे. ब्रिटिश लढाऊ विमानांचा ब्रेक हातांत होता, म्हणून त्याला तें विमान चालवितां आलें. ज्यांनीं ती दांडी मुठीवर बसविली त्यांच्या मनांत बेडर खास नव्हता. तथापि वस्तु कोणत्या ठिकाणीं ठेवली आहे, एवढ्यावरून कोणाला दार उघडतें व कोणाला मिटतें, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां खरी कसोटी येते ती 'स्पिटफायर' व 'हरिकेन' या जोडीची. दोन्ही ब्रिटिश, दोन्हींचें एंजिन रोल्स रॉइसचें 'मर्लिन', दोन्हींचीं पहिलीं उड्डाणें चार महिन्यांच्या अंतरानें: हरिकेनचें ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं आणि स्पिटफायरचें ५ मार्च १९३६ रोजीं. दोन्हींत वैमानिकाच्या समोर मधोमध सहा तबकड्यांची एकच ठराविक मांडणी आढळते. वरच्या ओळींत वेग, कृत्रिम क्षितिज आणि चढउताराची गति. खालच्या ओळींत उंची, दिशा आणि वळण. ढगांत किंवा अंधारांत बाहेरचें कांहींच दिसेनासें झालें असतां याच सहा तबकड्यांवर जीव विसंबून असे. ही मांडणी ब्रिटिश हवाईदलानें मुद्दाम सर्वत्र सारखी ठेविली होती, म्हणजे एका विमानांतून उठून दुसऱ्यांत बसलेल्या माणसाला डोळे कोठें न्यावे हें पुन्हां शिकावें लागूं नये.

या व्यवस्थेचें महत्त्व कारखान्यांतून तळांवर विमानें पोंचविणाऱ्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलियरी या संस्थेच्या वैमानिकांना सर्वांत अधिक ठाऊक होतें. त्यांत स्त्रियाहि होत्या. आज एक जात तर उद्यां दुसरी, असें त्यांचें काम चाले. कित्येकदां पूर्वीं कधीं न चालविलेल्या विमानांत त्यांना बसावें लागे, आणि हातांत असे ती केवळ खिशांत मावणारी टिपणांची एक लहान वही. त्या वहीचीं मोजकीं पानें वाचून, बैठकीकडे एकवार नजर फिरवून, त्या निघत. बैठक वाचणें हा आमचा शनिवारचा खेळ आहे. त्यांना तो रोजचा जीवनमरणाचा धडा होता.

मग या दोन जुळ्या बैठकींतील भेद कसा ओळखावा? समोर पाहूं नका, बाजूंना पाहा. हरिकेनच्या बैठकीच्या दोहों अंगांस धातूच्या नळ्यांचा सांगाडा उघडा दिसतो, कारण तें विमान जुन्या पद्धतीनें नळ्या जोडून, त्यांवर लांकडी पट्ट्या व कापड चढवून बांधलेलें होतें. स्पिटफायरमध्यें पत्र्याचें कवच हेंच विमानाचें शरीर असल्यामुळें तशा नळ्या नाहींत, बरगड्यांसारख्या कमानी आहेत. स्पिटफायरला डाव्या हाताशीं खालीं उघडणारें एक लहानसें दार असतें, आणि त्यावर बहुधा एक पहार अडकविलेली दिसते. झांकण अडकलें तर तें फोडण्यासाठीं ती ठेवलेली असे. हरिकेनला असें दार नाहीं. तेथें संकटकाळीं निखळणारा तुकडा उजव्या अंगास आहे. हरिकेनमध्यें चाकें आणि पंखांमागील फ्लॅप हे दोन्ही उजवीकडच्या एकाच दांडीनें, एका खांचेंतून दुसऱ्या खांचेंत सरकवून, हालविले जात. स्पिटफायरमध्यें फ्लॅपची लहानशी दांडी वेगळी, समोरच्या फळीवर. स्पिटफायरच्या पायदांडीला वरखालीं अशा दोन पायऱ्या असतात. वेगानें वळतांना रक्त पायांकडे उतरून वैमानिकाच्या डोळ्यांपुढें अंधारी येते; पाय वरच्या पायरीवर घेतले कीं ती किंचित् उशिरां येते. त्या दोन पायऱ्या पाहून मला नेहमीं वाटतें कीं येथें कोणीतरी माणसाच्या रक्ताचाहि विचार केला होता.

हरिकेन हें नांव आपल्या देशालाहि परकें नाहीं. १९४४ सालीं जपानी सैन्यानें इंफाळला वेढा घातला असतां भारतीय हवाईदलाची पहिली स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालीं तेथें लढत होती, आणि तिचे वैमानिक याच नळ्यांच्या सांगाड्यामध्यें बसत होते.

जर्मनांचें 'मेसरश्मिट १०९' ओळखण्यास या मानानें सोपें. त्याची बैठक इतकी अरुंद आहे कीं चित्र पाहतांनाच आपले खांदे आंखडतात. जाड चौकटींच्या कांचेचें झांकण मागें सरकत नाहीं. पेटीच्या झांकणासारखें उजव्या बाजूस कलंडतें. आसनाच्या डावीकडे दोन मोठीं हातचाकें जवळजवळ बसविलेलीं असतात, एक फ्लॅपसाठीं व एक शेपटीच्या पात्याचा कल बदलण्यासाठीं. दोन्ही एकदम फिरवितां येत, ही त्यांतील युक्ति. युद्धाच्या मध्यापासूनच्या प्रकारांत एंजिनामधून झाडल्या जाणाऱ्या तोफेचा मागचा भाग वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्यें आलेला दिसतो. आणि जें नाहीं तेंहि पाहावयास शिकलें पाहिजे: सुकाणूच्या उभ्या पात्याचा कल उडतां उडतां साधण्याची सोय या बैठकींत कोठेंच नाहीं. त्यामुळें अतिवेगांत विमान सरळ ठेवण्यास वैमानिकाला एका पायाचा दाब सारखा धरून ठेवावा लागे. इंग्रजांनीं हस्तगत झालेल्या अशा विमानाची १९४० मध्यें परीक्षा केली, तेव्हां त्यांनीं त्याच्या गुणांची नोंद केलीच. पण जागा इतकी कमी कीं दांडा बाजूला ढकलण्यास हाताला पुरता जोर लावतां येत नाहीं, असेंहि नमूद केलें. सामर्थ्य एंजिनांत होतें; तें वापरणाऱ्या कोंपराला जागा नव्हती.

याहून मागें पहिल्या महायुद्धापर्यंत गेलें तर तबकड्यांची दाटी ओसरते, आणि बैठक एखाद्या सुताराच्या कामठ्यासारखी साधी दिसूं लागते. १९१७ सालच्या 'सॉपविथ कॅमल' मध्यें दोन बंदुकांचे मागचे भाग वैमानिकाच्या चेहऱ्यासमोर अगदीं जवळ आलेले दिसतात. त्यांवरील उंचवट्यामुळेंच त्याला 'उंट' हें नांव पडलें. एंजिन हवेनें थंड होणारें व स्वतः गरगर फिरणारें. म्हणून पाण्याचें तापमान दाखविणारी तबकडी तेथें असूंच शकत नाहीं. त्याऐवजीं कांचेचा एक लहान फुगा असतो. त्यांतील एरंडेलाचें स्पंदन नाडीसारखें चालू असलें म्हणजे एंजिनाला तेल पोंचत आहे असें समजावयाचें. उलट त्याच काळांतील 'एसई-५ए' या विमानाचें एंजिन पाण्यानें थंड होणारें. तेथें पाण्याचें तापमापक आहे, आणि थंडावा कमीजास्त करण्याची दांडीहि आहे. एका तबकडीच्या असण्या-नसण्यावरून दोन विमानें वेगळीं पडतात. हरदित सिंग मलिक हे भारतीय वैमानिक कॅमल चालवीत. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय एसई-५ए मध्यें बसून लढला, जुलै १९१८ च्या थोड्याशा दिवसांत त्यानें हवाई युद्धांत दहा विजय मिळविले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस तो पडला. त्याचें वय १९ वर्षांचें होतें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांपेक्षां फारसें अधिक नव्हे.

आतां जवळच्या काळाकडे येऊं. नाशिकजवळ ओझर येथें १९६४ सालीं विमानांचा जो कारखाना स्थापन झाला, त्यांत 'मिग-२१' हीं विमानें बांधलीं गेलीं, त्यामुळें हें नांव पुष्कळ मराठी घरांत परिचयाचें आहे. १९६३ सालीं तें भारतीय हवाईदलांत आलें, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदिगड येथें त्याला समारंभपूर्वक निरोप देण्यांत आला. त्याची बैठक ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. एक म्हणजे समोरच्या फळीवर वरून खालीं ओढलेली उभी पांढरी रेघ. विमान भोंवऱ्यासारखें गरगरत कोसळूं लागलें कीं वैमानिकाला दिशांचें भान राहत नाहीं. हातांतील दांडा मध्यावर आहे कीं कललेला आहे, हेंहि उमगत नाहीं. त्या वेळीं इतकेंच करावयाचें: दांडा त्या पांढऱ्या रेघेकडे न्यावयाचा. सबंध विमानांत याहून स्वस्त उपकरण नसेल. गोंधळलेल्या माणसाला सूक्ष्म उपदेश उपयोगी पडत नाहीं, एक ठळक रेघ उपयोगी पडते, हें ज्याला सुचलें तो मोठा मानसशास्त्रज्ञ म्हटला पाहिजे.

दुसरी खूण कृत्रिम क्षितिजाची. ब्रिटिश व अमेरिकन उपकरणांत विमानाची आकृति स्थिर राहते, आणि क्षितिजाची रेघ कलते. रशियन उपकरणांत क्षितिज आडवेंच राहतें, आणि विमानाची आकृति कलते. पहिल्यांत वैमानिक आंत बसून बाहेर पाहतो. दुसऱ्यांत तो जणूं बाहेर उभा राहून आपल्याच विमानाकडे पाहतो. ब्रिटिशांचें 'हंटर' १९५७ मध्यें आपल्याकडे आलें व त्यानंतर सहा वर्षांनीं मिग आलें. ज्या वैमानिकांनीं दोन्ही चालविलीं, त्यांना बाळबोध व मोडी या दोन लिपि सारख्याच सराईतपणें वाचणाऱ्या जुन्या कारकुनांसारखें राहावें लागलें.

गोव्यांत दाबोळी येथें नौदलाच्या विमानांचें संग्रहालय आहे. तेथील 'सी हॅरियर' हें विमान आपल्या नौदलांत १९८३ पासून २०१६ पर्यंत होतें. त्याच्या बैठकींत थ्रॉटलच्या शेजारींच आणखी एक दांडी आहे. एंजिन एक आणि डाव्या हाताशीं दांड्या दोन, असें दिसलें कीं समजावें: दुसरी दांडी एंजिनाच्या झोताची दिशा खालीं वळविण्याची आहे, आणि हें विमान जागच्या जागीं वर उचललें जाणारें आहे.

येथवर खेळ झाला. परंतु या खेळाच्या पोटांत एक गंभीर गोष्ट आहे, आणि ती मुलांना सांगितल्याशिवाय मी हा तास संपवीत नाहीं. महायुद्धाच्या काळांत 'बी-१७' हीं विमानें सुखरूप उतरल्यावर धांवपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक फ्लॅप मिटविण्याऐवजीं चाकेंच मिटवी. चौकशी होई, आणि कागदावर 'वैमानिकाची चूक' असा शेरा पडे. १९४३ मध्यें अल्फॉन्स चॅपनिस या तरुण अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें माणसाची नव्हे, बैठकीची तपासणी केली. चाकांचा खटका व फ्लॅपचा खटका अगदीं शेजारीं शेजारीं, आणि आकारानें अगदीं सारखे होते! 'सी-४७' या वाहतुकीच्या विमानांत हीं दोन साधनें वेगळ्या ठिकाणीं व वेगळ्या धाटणीचीं होतीं, आणि त्याच्या वैमानिकांकडून अशी चूक होत नव्हती. उपाय फार साधा निघाला. चाकांच्या खटक्यावर लहानसें रबरी चाक बसविलें, फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. थकलेल्या माणसाच्या बोटांना अंधारांतहि कळूं लागलें कीं आपण काय धरलें आहे. विमानांतील चाकांची मूठ चाकासारखी व फ्लॅपची मूठ पात्यासारखी असावी, हा आज नियम आहे. १९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं 'वैमानिकाची चूक' म्हणून गणलेले ४६० प्रसंग तपासले, आणि यांपैकीं पुष्कळांचें मूळ मांडणींत आहे असें दाखवून दिलें.

आणखी एक बैठक आहे, जिचें चित्र मी नेहमीं शेवटीं लावतों. दिल्लीस पालम येथील हवाईदलाच्या संग्रहालयांत जपानचें 'ओहका' हें विमान ठेवलेलें आहे. नांवाचा अर्थ चेरीचें फूल. मोठ्या विमानाच्या पोटाखालीं टांगून तें लक्ष्याजवळ नेत, आणि मग तें १२०० किलोग्रॅम स्फोटकांसह शत्रूच्या जहाजावर आदळावयाचें असे. २१ मार्च १९४५ रोजीं त्याचा प्रथम उपयोग झाला. त्याच्या बैठकींत अगदीं मोजक्या तबकड्या आहेत. मुलें नियमाप्रमाणें प्रश्न विचारूं लागतात, आणि 'चाकांची मूठ कोठें आहे?' या प्रश्नाशीं वर्ग थांबतो. मूठ नाहीं, कारण चाकेंच नाहींत. वर आलेल्या इतर सर्व विमानांना, मग तीं मित्रांचीं असोत वा शत्रूंचीं, चाकें असतात व तीं सांगतात कीं येथें बसलेला मनुष्य परत यावा असें विमान बांधणाऱ्यांना वाटत होतें. या एका बैठकींत तें वचन नाहीं. त्या तासाला शाळा सुटल्याची घंटा होते तेव्हां नेहमींचा गलबला होत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कांहीं पुढें यंत्रें बांधतील, कांहीं कचेऱ्या चालवितील, कांहीं घरें उभारतील. आपली वस्तु कशी दिसते हें तुम्ही पाहालच. परंतु जो तिच्यांत बसणार आहे त्याचा हात कोठपर्यंत पोंचतो, भ्यालेला असतां त्याला काय सुचेल, आणि त्याला परत येण्याची वाट आहे कीं नाहीं, हें पाहावयास विसरूं नका. पालकवर्गास एवढीच विनंति, कीं मुलाचें अक्षर वांकडें येतें म्हणून रागावण्यापूर्वीं तो ज्या पाटावर किंवा बाकावर बसून लिहितो त्याची उंची पाहावी, आणि दिवा कोणत्या हाताला आहे तेंहि पाहावें. चूक कोणाची, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या जागेवर एकवार बसून पाहणाऱ्यालाच पोंचतो.